मद्यविक्री करताना ग्राहकाचे वय कसे तपासावे: पात्रता, चालणारी कागदपत्रे आणि नकाराची नोंद

अल्पवयीन ग्राहकाला दारू दिली गेली तर मालकाचा परवाना धोक्यात येतो आणि अनेक ठिकाणी बाटली हातात देणाऱ्या कर्मचाऱ्यालाही दंड होतो. अशी चूक बहुधा नियम माहीत नसल्याने होत नाही. गर्दीत नजरेनेच वयाचा अंदाज बांधला जातो किंवा घाईत वजाबाकी चुकते. त्यामुळे या दोन्ही गोष्टींची तयारी ग्राहक समोर येण्याआधीच झालेली हवी.

पात्रता

वयोमर्यादा ठिकाणागणिक बदलते. अमेरिकेत ती २१ आहे. जपानमध्ये २०२२ साली सज्ञान होण्याचे वय १८ वर आले, पण दारूची मर्यादा २० च राहिली. ‘मतदान करतो, मग दारू का नाही’ या युक्तिवादाला काउंटरवर काहीच अर्थ नाही. जर्मनीत बिअर-वाइनसाठी १६ आणि कडक दारूसाठी १८ अशी दुहेरी मर्यादा आहे. तुमच्या परवान्याला कोणती मर्यादा लागू होते ते परवाना देणाऱ्या खात्याकडून खात्री करून घ्या.

वय मोजत बसू नका, तारीख लावा. मर्यादा २१ असेल तर १० जून २०२५ रोजी काउंटरमागे ‘१० जून २००४ किंवा त्याआधीचा जन्म’ अशी पाटी हवी. ही तारीख रोज बदलायची, आणि दुहेरी मर्यादा असेल तर दोन तारखा लिहायच्या. नुसते साल वजा केले की डिसेंबर २००४ चा जन्म असलेला ग्राहकही २१ चा वाटतो, प्रत्यक्षात तो २० चाच असतो. वाढदिवसाच्या आदल्या रात्री ११ वाजता जमलेल्या मित्रमंडळींच्या बाबतीत हमखास गफलत होते. ज्याचा वाढदिवस आहे, तो त्या वेळी अजून पात्र नसतो.

ओळखपत्र कोणाकडे मागायचे?

‘लहान दिसतो त्याच्याकडे’ हा नियम पुरेसा नाही. दाढी, मेकअप आणि मंद उजेड यांमुळे अंदाज सहज काही वर्षांनी चुकतो. ब्रिटनमध्ये मर्यादा १८ असली तरी २५ पेक्षा लहान दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागण्याची पद्धत रूढ आहे. स्कॉटलंडमध्ये तर कायद्यानेच असे धोरण बंधनकारक केले आहे. मर्यादेच्या वर पाच-सात वर्षांचे अंतर ठेवा. ओळखीचा चेहरा आहे म्हणून सूट नको. मागच्या वेळी दुसऱ्या कोणी तपासले असेल, हे गृहीतच धरू नये.

चालणारी आणि न चालणारी कागदपत्रे

सरकारने दिलेले, फोटो आणि पूर्ण जन्मतारीख असलेले मूळ ओळखपत्रच घ्या. पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना किंवा राष्ट्रीय ओळखपत्र, यांपैकी स्थानिक नियमात मान्य असेल ते. झेरॉक्स, मोबाइलमधला फोटो, कॉलेजचे किंवा कंपनीचे कार्ड चालत नाही. जन्मदाखल्यावर फोटोच नसतो, म्हणून तोही नाही. डिजिटल ओळखपत्राला मान्यता असेल तर ग्राहकाला अधिकृत ॲप तुमच्यासमोर उघडायला सांगा. स्क्रीनशॉट घेऊ नका.

तपासणी

१. कार्ड पाकिटातून बाहेर काढायला लावून स्वतःच्या हातात घ्या. प्लास्टिकच्या खिडकीआड खाडाखोड लपते.

२. कडांवरून बोट फिरवा. लॅमिनेशन सुटलेले किंवा फोटोभोवती उंचवटा असेल तर कार्ड उघडलेले असू शकते. होलोग्राम उजेडात तिरपा धरून पाहा.

३. जन्मतारीख पाटीशी ताडून पाहा, मुदतही बघा.

४. फोटो आणि चेहरा जुळवताना केस सोडून द्या. कान, नाक, हनुवटी आणि डोळ्यांमधले अंतर पाहा.

सगळ्यात अवघड असते ते मोठ्या भावाचे किंवा बहिणीचे खरे कार्ड. त्यात खाडाखोड नसते, म्हणून होलोग्रामचा उपयोग नाही. कार्ड हातातच ठेवून पत्ता किंवा पिनकोड विचारा. जन्मतारीख पाठ करून येणारे इथे अडखळतात. तरीही शंका उरली तर विक्री नाही.

बिलिंग मशीन जन्मतारीख मागत असेल तर नोंदी अधूनमधून चाळा. ‘०१-०१-१९९०’ सारखी एकच तारीख वारंवार दिसली, तर कोणीतरी न तपासताच बटण दाबत आहे.

गट आणि घरपोच विक्री

दारात तपासणी झाली तरी टेबलावर प्रत्येक ऑर्डरला नजर हवी. प्रौढाने मागवलेला ग्लास शेजारच्या मुलाकडे सरकतो. दुकानाबाहेर मुलांकडून पैसे गोळा करून एकच मोठा माणूस आत आला, तर त्यालाही नकार द्या. घरपोच विक्रीला परवानगी असेल तिथे ऑर्डरच्या वेळची तपासणी पुरत नाही. दार उघडणाऱ्याचे ओळखपत्र पाहा, पिशवी दाराशी ठेवून निघू नका.

नकार आणि नोंद

‘माफ करा, ओळखपत्राशिवाय देता येणार नाही,’ एवढेच बोला. ‘तुम्ही लहान दिसता’ म्हटले की वाद सुरू होतो. संशयित कार्ड जप्त करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नसेल तर ते परत करा. मालकाने किंवा मॅनेजरने कर्मचाऱ्याचा नकार ग्राहकासमोर कधीही फिरवू नये. एकदा फिरवला की तो कर्मचारी पुन्हा कोणाला अडवणार नाही.

नकार वहीत लगेच टिपा: तारीख, वेळ, मागितलेली वस्तू, ग्राहकाचे थोडक्यात वर्णन, कारण आणि कर्मचाऱ्याची सही. ओळखपत्राचा क्रमांक किंवा प्रत ठेवू नका. पुढे चौकशी झाली तर योग्य काळजी घेतल्याचा पुरावा म्हणून हीच वही दाखवता येते. मॅनेजरने ती दर आठवड्याला पाहून सही करावी. वर्दळीच्या ठिकाणी महिनाभर एकही नोंद नसेल, तर तपासणीच होत नसावी असे धरून कर्मचाऱ्यांशी बोला.