बहुरूपी

नाना सोंगे घेऊन गावोगाव फिरणारा आणि त्यावरच पोट भरणारा लोककलावंत. बोलीभाषेत त्याला भोरपी म्हणतात. रायरंद हेही नाव रूढ आहे. राजस्थान, गुजरात आणि बंगालमध्येही बहुरूप्यांची परंपरा आहे. महाराष्ट्रात बहुरूपी ही जमात भटक्या जमातींच्या सूचीत मोडते.

सुगी झाली, घरात दाणे आले की बहुरूपी गावात येई. मुक्काम चार-आठ दिवसांचा, रोज नवे सोंग आणि शेवटच्या दिवशी घरोघर बिदागी. शंकर, मारुती, देवी ही सोंगे देवादिकांची. पोलीस, पोस्टमन, डॉक्टर, गरोदर बाई ही रोजच्या व्यवहारातली. अर्धनारीनटेश्वरात कलावंताचा खरा कस लागतो. अर्ध्या अंगाला लुगडे, नथ, एकाच डोळ्यात काजळ आणि एकाच हातात चुडा. उरलेल्या अर्ध्यावर जटा आणि भस्म. डावीकडे वळला की पुरुषाचा भारदस्त आवाज, उजवीकडे वळला की बाईचा, आणि दोघांचे भांडण एकाच तोंडातून.

पोलिसाचे सोंग सर्वांत लोकप्रिय. खाकी कपडे, कमरेला पट्टा, काखेत वही. तो तावातावाने अंगणात शिरतो, घरधन्याचे नाव विचारतो आणि वॉरंट वाचू लागतो. घरातले चपापतात. मग वॉरंटातली यमके कानावर पडतात, गुन्हा भलताच निघतो आणि ‘चला, लग्नाला चला’ असे अशक्य लग्नाचे आमंत्रण सुरू झाले की पोरेटोरे खिदळू लागतात.

वेश हुबेहूब वठवणे हे बहुरूप्याचे अर्धेच काम. ऐन वेळी ओळखू येणे हे उरलेले अर्धे, आणि ते अधिक अवघड. लवकर ओळखला गेला तर रंग भरत नाही. फार ताणले तर भीतीचे रूपांतर रागात होते आणि पसाभर धान्यही पदरात पडत नाही. तोतयाला उघडे पडण्याची धास्ती असते, बहुरूप्याला मात्र उघडे पडल्याशिवाय मोबदला नाही. कायदाही हेतूच पाहतो: भारतीय न्याय संहितेच्या कलम 205 नुसार सरकारी नोकराचा पोशाख फसवणुकीच्या उद्देशाने घालणे हा गुन्हा आहे.

हेरगिरीतील वेशांतर ही वेगळी परंपरा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तापस, व्यापारी, गृहस्थ अशा वेशांतील हेरांचे वर्णन आहे. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक वेशांतरात निष्णात होते, असे परंपरा सांगते.

बहुरूप्याची कला अनोळखी माणसावरच्या विश्वासावर उभी होती. पूर्वी बहुरूपी आधी पाटलाला भेटे, म्हणजे गावाला खबर असे. आता तो दुवा तुटला आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. ते बहुरूपी नव्हते, पण दारोदार फिरून जगणाऱ्या प्रत्येक जमातीला त्या घटनेची दहशत बसली. अनोळखी गावात सोंग घेऊन शिरणे आता जिवावर बेतू शकते.

नवी पिढी मजुरी आणि फेरीच्या धंद्याकडे वळते आहे. तिथेही अडचण आहेच. जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजे-पणजे पालात जन्मले आणि एका गावात कधी नांदलेच नाहीत, त्यांनी तो कागद आणायचा कुठून, याचे उत्तर शासनानेच द्यायला हवे.