बचावपटू झोपलेला नसतो

नाशिकच्या आंतरशालेय बास्केटबॉल सामन्यांत कडेला उभे असलेले पालक हमखास ओरडतात, "अरे, झोपलास का?" ज्याच्यावर ओरडतात तो बहुतेक वेळा स्क्रीनमध्ये अडकलेला असतो. चेंडूवाल्याचा साथीदार बचावपटूच्या वाटेत पाय रोवून उभा राहतो आणि चेंडूवाला त्याला खेटून सटकतो.

गडबड पायांत नसते, मेंदूत असते. दिसलेल्या एका खुणेला आधीच ठरलेला एकच प्रतिसाद द्यायलाही माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. पर्याय वाढले की वेळ वाढतो. विल्यम हिक यांनी 1952 मध्ये हे मोजून मांडलं: वेळ पर्यायांच्या लॉगॅरिथमच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पर्याय दरवेळी दुप्पट केले तर वेळेत दरवेळी साधारण तेवढीच भर पडते. शिवाय एका खुणेवरचा निर्णय चालू असताना दुसरी खूण आली, तर ती रांगेत थांबते. स्क्रीनवर नेमकं हेच होतं. आधी धडक, लगेच चेंडूवाल्याची बदललेली दिशा, त्यातच स्क्रीनवाल्याचं रिंगकडे वळणं. सेकंदाला सहा मीटर वेगाने धावणारा तेवढ्या पाव सेकंदात दीड मीटर पुढे गेलेला असतो. शॉटला तेवढी जागा पुष्कळ झाली.

(लुकलुकत्या दिव्यांवर हात मारून 'रिफ्लेक्स दुप्पट' करून देणारी उपकरणं विकली जातात. त्यातून दिव्यांवर हात मारणं सुधारतं. पायातल्या काळ्या दोऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.)

म्हणून साऱ्या बचावपद्धतींमध्ये निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असतो. स्विचमध्ये दोघे बचावपटू आपापला माणूस बदलतात. निवड संपते, पण ठेंगणा गार्ड उंच सेंटरसमोर येतो. ट्रॅपमध्ये दोघे चेंडूवर तुटून पडतात, मग उरलेल्या तिघांना चौघे सांभाळावे लागतात. ड्रॉपमध्ये उंच बचावपटू रिंगजवळ मागे थांबतो आणि मधला शॉट मुद्दाम सोडतो. दोन गुणांचा हा शॉट 100 पैकी 40 वेळा पडला तर शॉटमागे 0.8 गुण मिळतात. 6.75 मीटरच्या रेषेबाहेरून, जिथे तीन गुण मिळतात, 35 वेळाच पडला तरी 1.05. त्यामुळे चेंडूवाला स्क्रीनमागूनच तिथून मारू लागला की ड्रॉप महागात पडतो.

यांपैकी काहीही चालायला स्क्रीन येण्याआधी हाक यावी लागते. अडकणाऱ्याची पाठ तिकडे असते. स्क्रीन दिसते ती मागच्या उंच बचावपटूला. आवाजाला मेंदू दृश्यापेक्षा थोडा लवकर प्रतिसाद देतो, तो फायदा वेगळाच. आपल्याकडे मात्र उंच मुलाला रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं, शिकवतात, बोलायला नाही.