फिनाईल

घरातील फरशी, मोरी, संडास व गटार धुण्यासाठी पाण्यात मिसळून वापरला जाणारा संहत (तीव्र, पाणी न मिसळलेला) जंतुनाशक द्रव. बोलण्यात यालाच फिनेल म्हणतात. बाजारात त्याचे काळे व पांढरे असे दोन प्रकार मिळतात. दोन्हींमुळे पाणी दुधाळ होत असले, तरी घटक आणि जंतुनाशक शक्ती या बाबतींत ते एकमेकांपासून बरेच भिन्न आहेत.

फ्रीडलीप रुंगे यांनी १८३४ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरातून कार्बॉलिक अम्ल (फिनॉल) वेगळे केले. फिनाईलचा इतिहास तेथून सुरू होतो. पुढील टप्प्याविषयी मात्र मतभेद आहेत. काही लेखक अलेक्झांडर मॅकडूगल यांच्या कार्बॉलिक अम्लयुक्त भुकटीला आद्य स्थान देतात. इंग्लंडमधील कार्लाइल येथे सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बॉलिक द्रव्यांचा उपयोग झाला होता आणि शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमांवर हे अम्ल वापरले, त्यामागे त्या प्रयोगाची वार्ता होती असे मानले जाते. तथापि भुकटी आणि आजचे फिनाईल यांत मूलभूत अंतर आहे. डांबरातील अम्ले व तेले पाण्यात सहजी विरघळत नाहीत. साबणाच्या साहाय्याने ती पाण्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने पसरवणे हेच या द्रवाचे मर्म होय. त्यामुळे जॉन जेज यांनी १८७७ मध्ये पेटंट घेतलेल्या द्रवापासून फिनाईलचा आरंभ धरणे अधिक सयुक्तिक ठरते. जर्मनीतील लायसॉल (१८८९) हे जंतुनाशक याच कुळातले.

काळ्या फिनाईलमध्ये डांबरातील अम्ले, क्रिओसोट तेल (डांबरापासून मिळणारे तेल) आणि राळेचा किंवा एरंडेलाचा साबण असतो. झाकणभर द्रव बादलीतील पाण्यात ओतला, की आधी तपकिरी धारा खाली उतरतात आणि लगेच फुटून सारे पाणी पांढुरके होते; तेलाच्या थेंबांवरून प्रकाश विखुरल्यामुळे हा रंग दिसतो. द्रव जुना किंवा हलक्या प्रतीचा असेल, तर पृष्ठभागावर तेलकट तवंग येतो. पांढऱ्या फिनाईलमध्ये मुख्यतः पाइन तेल असते. ते चिडाच्या टर्पेंटाइनपासूनही तयार करतात. त्याचा वास सुखद असला, तरी पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर त्याचा प्रभाव कमी पडतो.

शक्तीच्या मोजमापाचा प्रश्न विशेष वादाचा ठरला. सॅम्युएल रिडिअल व जे. टी. एन्सली वॉकर यांनी १९०३ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत विषमज्वराचे जंतू साडेसात मिनिटांत मरतात, पण पाच मिनिटांत मरत नाहीत, असे द्रवाचे विरलन शोधून त्याची तुलना फिनॉलच्या तशाच विरलनाशी करतात. पाचशे पट विरल केलेला द्रव शंभर पट विरल केलेल्या फिनॉलइतके काम करत असेल, तर त्याचा गुणांक ५ होतो. हॅरिएट चिक व चार्ल्स मार्टिन यांनी १९०८ मध्ये यावर गंभीर आक्षेप घेतला: चाचणी स्वच्छ माध्यमात होते, परंतु प्रत्यक्षात द्रवाची गाठ मळाशी पडते. म्हणून त्यांनी चाचणीत वाळवलेली विष्ठा मिसळली, तेव्हा अनेक द्रवांचे गुणांक घसरले. घरगुती वापराच्या दृष्टीने त्यांचेच म्हणणे अधिक ग्राह्य वाटते, कारण झाडून, घासून न घेतलेल्या मोरीत ओतलेले फिनाईल बव्हंशी वाया जाते. असे असले, तरी भारतीय मानक आयएस १०६१ मध्ये प्रतवारीसाठी रिडिअल-वॉकर गुणांकच आधारभूत धरला आहे.

विरलनाचे प्रमाणही तितकेच महत्त्वाचे आहे. फिनॉलचा संहती-घातांक (संहती, म्हणजे द्रावाची तीव्रता, बदलल्यास लागणारा वेळ किती बदलतो हे दाखवणारा आकडा) साधारणतः ६ मानतात. म्हणजे संहती निम्मी केली, तर तेवढेच जंतू मारण्यास सिद्धांततः चौसष्ट पट वेळ लागतो. दहा मिनिटांचे काम अशा वेळी दहा तासांहून लांबते. काटकसर म्हणून अर्धेच झाकण टाकल्यास वास येत राहतो, पण निर्जंतुकीकरण जवळजवळ होत नाही.

महाराष्ट्रात फिनाईलचा प्रसार १८९६ मधील मुंबईच्या प्लेगपासून झाला, असे कधी कधी म्हटले जाते. त्या साथीत घरे व गटारे कार्बॉलिक अम्लाने धुतली गेली हे खरे. पण ती सरकारी सक्तीची कारवाई होती, आणि तीत रसकापरासारखी (पाऱ्याचे विषारी संयुग) इतर द्रव्येही होती. रुग्णालये, रेल्वे व नगरपालिका यांच्या वापरातून फिनाईल हळूहळू घरांत आले, असे समजणे अधिक सुरक्षित होय. देशी उत्पादनांत प्रफुल्लचंद्र राय यांनी स्थापन केलेल्या बंगाल केमिकलचे ‘लॅम्प ब्रँड’ फिनाईल प्रसिद्ध आहे. अलीकडे महिला बचत गट तयार अर्कात पाणी मिसळून पांढरे फिनाईल बनवतात. हा माल मुळातच विरल असल्याने काळ्या फिनाईलचे प्रमाण त्याला लावू नये.

ब्लीचिंग पावडर व फिनाईल एकत्र वापरू नये. त्यातून उग्र वासाची क्लोरोफिनॉले तयार होतात आणि क्लोरीनही खर्ची पडतो. मांजरांचे यकृत फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा नीट करू शकत नसल्यामुळे, मांजरे असलेल्या घरात काळ्या फिनाईलने पुसलेली फरशी साध्या पाण्याने पुन्हा पुसून घ्यावी लागते. मूळ द्रव त्वचा भाजतो व पोटात गेल्यास विषारी ठरतो. म्हणून तो शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे. कोणी प्यायल्यास उलटी न करवता तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि बाटली सोबत न्यावी.