एका गाडीचे सुटे भाग: युनोस रोडस्टर आणि जपानी कंपन्यांच्या हृदयपालटाची पार्श्वभूमी

२०१७ सालच्या अखेरीस जपानमधील दोन मोटार कंपन्यांनी जवळजवळ एकाच वेळी एक असे काम हाती घेतले, जे मोटार बनवणाऱ्याच्या नेहमीच्या हिशेबात बसत नाही. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने १९८९ साली बाजारात आलेल्या आपल्या युनोस रोडस्टर या दोन आसनी, उघडता येणाऱ्या टपाच्या गाडीला पुन्हा मूळ रूपात आणून देण्यासाठी मालकांकडून अर्ज मागवले. आणि निसानच्या निस्मो या शर्यतींशी संबंधित शाखेने त्याच १९८९ साली आलेल्या आर३२ पिढीच्या स्कायलाइन जीटी-आर गाडीचे बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली. गाडी विकून पंचवीस-तीस वर्षे झाल्यावर कंपनीने तिच्याकडे पुन्हा वळून पाहणे ही घटना साधी नाही. तिच्यामागे जपानचे कायदे आहेत, अमेरिकेची आयात-नियमावली आहे आणि मुख्य म्हणजे आपली गाडी मोडीत द्यायला नकार देणाऱ्या मालकांची चिकाटी आहे. हे सारे समजून घेण्यासाठी रोडस्टरइतके चांगले उदाहरण नाही, म्हणून या टिपणात तिच्याच वाटेने जाऊ.

महाराष्ट्रात माझदा हे नाव लोकांना ठाऊक झाले ते १९८०च्या दशकात आलेल्या स्वराज माझदाच्या मालट्रकांमुळे आणि मिनी बसमुळे. रोडस्टर भारतात अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही. तिचा उगम निम्मा कॅलिफोर्नियात आणि निम्मा हिरोशिमात आहे. १९७९ साली बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनइची यामामोतो यांना सुचवले की, ब्रिटिशांच्या हलक्या, उघड्या स्पोर्ट्स गाड्यांसारखी स्वस्त गाडी आता कोणीतरी करायला हवी. यामामोतो हे माझदाच्या रोटरी इंजिनाचे, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या इंजिनाचे, शिल्पकार होते. अशक्य मानल्या गेलेल्या कामाला हात घालण्याची त्यांना सवय होती. ब्रिटिश गाड्यांचा तो वंश तेव्हा संपत आला होता; त्यांतल्याच एमजीबी या गाडीचे उत्पादन पुढच्याच वर्षी, १९८० साली थांबले. हॉल पुढे माझदाच्या अमेरिकी शाखेत दाखल झाले. इंजिन पुढे आणि चाल मागच्या चाकांना, ही रचना त्या शाखेच्या कॅलिफोर्नियातील गटाने लावून धरली आणि तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली ती गाडी प्रत्यक्षात उतरली. हिराई यांनी घोड्यावरून बाण मारण्याच्या जपानी परंपरेतून ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा यांचे एकरूप होणे, हा शब्दप्रयोग उचलला आणि गाडीचा प्रत्येक निर्णय त्याच्यावर घासून पाहिला.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी प्रथम दिसली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ती जपानमध्ये विकली जाऊ लागली. किंमत १७ लाख येनांपासून पुढे, वजन साधारण ९४० किलो, इंजिन १.६ लिटरचे आणि ताकद १२० अश्वशक्तीची. हे आकडे मुद्दाम दिले, कारण गाडीच्या आयुष्याचा पुढचा सगळा इतिहास त्यांच्यात दडलेला आहे. ताकद माफक असल्यामुळे इंजिनावर ताण कमी येतो. टर्बो नाही, चारही चाके चालवणारी यंत्रणा नाही, आणि ज्याचा बिघाड केवळ कंपनीच्या उपकरणालाच कळावा असे इलेक्ट्रॉनिक्सही फारसे नाही. बॉनेट उघडल्यावर बहुतेक जागी हात पोहोचतो. हातात पाना धरण्याची हौस असलेल्या सामान्य माणसाला ही गाडी सांभाळता आली, आणि म्हणूनच ती टिकली, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९७ पर्यंत या पहिल्या पिढीच्या सुमारे ४ लाख ३१ हजार गाड्या तयार झाल्या.

तरीही खुद्द जपानमध्ये जुनी गाडी बाळगणे हा प्रवाहाविरुद्धचा उद्योग होता. तिथे खासगी मोटारीची सक्तीची तपासणी, ज्याला ‘शाकेन’ म्हणतात, नवी गाडी घेतल्यावर तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी करावी लागते. आपल्याकडच्या पासिंगची कल्पना असलेल्या वाचकाला तिचे स्वरूप ओळखीचे वाटेल, मात्र तिची काटेकोरता आणि खर्च दोन्ही मोठे आहेत. १९९५ सालापर्यंत तर दहा वर्षांहून जुन्या गाडीला ही तपासणी दरवर्षी द्यावी लागत असे. त्या वर्षी कायदा बदलला आणि जुन्या गाड्यांनाही दोन वर्षांची मुदत मिळाली. एवढ्याने कल मात्र बदलला नाही, कारण पहिल्या नोंदणीला तेरा वर्षे उलटलेल्या पेट्रोल गाडीवर वार्षिक मोटारकर आजही सुमारे १५ टक्के जास्त पडतो, आणि वजनावरचा करही तेरा वर्षांनी आणि पुन्हा अठरा वर्षांनी वाढतो. जुन्या गाड्या जास्त प्रदूषण करतात, हा या धोरणामागचा विचार आहे. परंतु वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालणाऱ्या आणि मालकाने जिवापाड जपलेल्या हलक्या गाडीला हाच नियम सरसकट लावणे मला न्याय्य वाटत नाही; एक नवी गाडी तयार करताना जाळली जाणारी ऊर्जाही हिशेबात धरायला हवी.

या धोरणाचा परिणाम थेट सुट्या भागांवर झाला. उत्पादन थांबल्यावर साधारण दहा वर्षे सुटे भाग पुरवायचे, हा जपानी कंपन्यांचा रूढ प्रघात आहे. त्यानंतर मागणी घटते, साठा ठेवणाऱ्या गोदामाचे भाडे चढते, साचे गंजतात किंवा मोडीत जातात, आणि तो भाग बनवणारा छोटा पुरवठादार दुसऱ्या कामाला लागतो. मग एके दिवशी मालकाने भागाचा क्रमांक दिल्यावर ‘उत्पादन बंद’ एवढेच उत्तर मिळते. रोडस्टरच्या बाबतीत भर म्हणजे जपानमध्ये ज्या ‘युनोस’ या विक्री-साखळीतून ती विकली गेली, ती साखळीच १९९०च्या दशकातील मंदीत गुंडाळली गेली. १९९६ साली फोर्डने माझदातील आपला हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेऊन कंपनीचे नियंत्रण हाती घेतले; अशा दिवसांत जुन्या गाडीच्या रबराच्या पट्ट्यांचा विचार कोण करणार होते?

आणि खरे पाहता, जुनी गाडी मरते ती बहुतेक वेळा रबर, प्लास्टिक आणि गंज या तिघांमुळे. रोडस्टरच्या इंजिनाचा लोखंडी ठोकळा इतका मजबूत आहे की वेळच्या वेळी तेल बदलले तर तो लाखो किलोमीटर चालतो. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवणारा पट्टा, एक लाख किलोमीटरला बदलावा, असे कंपनी सांगते; पण १.६ लिटर इंजिनात तो तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत, ही मोठी कृपा आहे. पहिल्या दोनेक वर्षांच्या इंजिनांत एक गंभीर उणीव मात्र होती. क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, पुढचे टोक आखूड होते. त्यावर बसणारी पुली एका बोल्टने दाबून धरलेली आणि एका छोट्या चावीने जागच्या जागी रोखलेली असे. बेल्ट बदलताना मेकॅनिकने तो बोल्ट योग्य ताणाने आवळला नाही, की पुली बारीक हलत राही, चावीची खाच रुंद होई आणि इंजिनाचे टायमिंग बिघडून ताकद उतरत जाई. १९९१ साली कंपनीने टोक लांब करून हा दोष काढला. आजही जुनी रोडस्टर घेणारा जाणकार प्रथम पुलीवरच्या खाचा मोजतो, कारण त्यांवरून इंजिन आधीचे की नंतरचे हे कळते.

बाकीची दुखणी लहान, पण सततची. इंजिनाच्या मागच्या टोकाला, चालकाच्या कप्प्याच्या भिंतीला खेटून बसवलेल्या कॅम अँगल सेन्सरचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची स्थिती इंजिनाला कळवणाऱ्या उपकरणाचा) रबरी ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारे कडे, कडक होतो आणि तेल झिरपून खालच्या पाण्याच्या होजपाइपवर पडत राहते. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी होऊ लागली, की ती तडकण्याच्या बेतात आहे असे समजावे. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब तेलाद्वारे क्लचपर्यंत पोहोचवणारी नळकांडी) गळू लागला की एके सकाळी पेडल थेट जमिनीला टेकते. चारही चाकांच्या डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन भुजांनी धरणाऱ्या) सस्पेन्शनमधले रबरी बुश, म्हणजे सांध्यांतले रबराचे अस्तर, वीस वर्षांत मरतात. ते बदलायला जावे, तर त्यांतून जाणारे लांब बोल्ट गंजून आतल्या नळीशी एकजीव झालेले असतात आणि दोन तासांचे काम दोन दिवसांवर जाते.

कापडी टपाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गाडीचा जीव तिथे आहे. टपाची मागची काच ही काच नसून पारदर्शक व्हिनाइल आहे. टप खाली घेण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट पाडावी लागते. ही शिस्त न पाळणाऱ्याच्या गाडीत ती दुमडते, धुरकट होते आणि अखेर फाटते. टपावर पडलेले पाणी आसनांच्या मागे एका पट्टीत जमते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून गाडीच्या पोटाखाली निघून जाते. घराच्या पन्हाळीत पाने अडकली की भिंत भिजते, तसाच प्रकार इथे होतो: नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात उतरते आणि आतून गंज धरतो. बाहेरचा रंग चकचकीत असताना मागच्या चाकापुढचा पत्रा बोटाने दाबला की आत जातो. वर्षातून दोनदा लवचीक तार घालून त्या नळ्या साफ करणारा मालक आपल्या गाडीला किमान दहा वर्षे जास्त देतो.

उत्पादकाने जुन्या गाडीची जबाबदारी घ्यावी, ही कल्पना २०१७ साली अगदीच नवी नव्हती. होंडाने आपल्या ॲल्युमिनियमच्या एनएसएक्स गाडीसाठी १९९३ सालीच ‘रिफ्रेश प्लॅन’ सुरू केला होता. ज्या कारखान्याशी त्या गाडीचा संबंध, तिथल्याच अनुभवी हातांनी तिचे सस्पेन्शन, रंग, इंजिन नव्यासारखे करून द्यायचे, असा तो बेत होता. निसाननेही १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत २४०झेड या आपल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या विकत घेऊन, त्या नीट करून आपल्या विक्रेत्यांमार्फत विकण्याचा प्रयोग केला. तो फार काळ चालला नाही. एनएसएक्स महागडी आणि मोजकीच होती, त्यामुळे तिच्या मालकाला तो खर्च पेलत असे. लाखोंच्या संख्येने विकल्या गेलेल्या स्वस्त गाडीसाठी असे काही करणे हा वेगळा प्रश्न होता.

मधल्या काळात तो प्रश्न मालकांनी आणि लहान गॅरेजवाल्यांनीच पेलला. मोडीत निघालेल्या गाड्यांतून चांगले भाग काढून ठेवणे, बंद झालेले टप आणि बुश स्वतः बनवून घेणे, नव्या मालकाला जुन्याने कामाची रीत दाखवणे, असे एक जाळे जपान, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये उभे राहिले. नागानो प्रांतातील करुइझावा येथे दरवर्षी भरणाऱ्या रोडस्टर-मालकांच्या मेळाव्याला माझदाचे अभियंतेही येत राहिले, आणि ज्यांनी गाडी घडवली ते व ज्यांनी ती जगवली ते समोरासमोर आले. कंपनीचे मन वळण्यात या प्रत्यक्ष भेटींचा वाटा मला सर्वांत मोठा वाटतो.

दुसरा रेटा पैशाचा होता. अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांत न बसणारी परदेशी गाडी तयार होऊन २५ वर्षे झाली की तिला त्या नियमांतून सूट मिळते. त्यामुळे १९८९ सालच्या आर३२ स्कायलाइनचे दार अमेरिकेत २०१४ साली उघडले आणि जपानमधून चांगल्या गाड्या बोटीने जाऊ लागल्या. किमती चढल्या. काल मोडीत जाणारी गाडी आज जपून ठेवण्याजोगी ठरली आणि तिच्या सुट्या भागांना ग्राहक निर्माण झाला. रोडस्टर अमेरिकेत मुळातच विकली जात होती, त्यामुळे तिला हा नियम थेट लागू नव्हता. पण जुन्या जपानी गाड्यांकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली आणि त्या वाऱ्याचा लाभ तिलाही झाला. एप्रिल २०१६ मध्ये सर्व पिढ्या मिळून दहा लाखावी रोडस्टर तयार झाली, तेव्हा माझदाला आपल्या हाती काय आहे हे पुरते उमगले असावे.

माझदाच्या योजनेत सुरुवातीला जपानमधील १.६ लिटरच्या गाड्याच घेतल्या गेल्या. कामाच्या दर्जाला टीयूव्ही राइनलँड या जर्मन संस्थेच्या जपानी शाखेचे प्रमाणपत्र घेतले गेले. पत्र्याची दुरुस्ती आणि संपूर्ण रंगकाम एवढ्याचाच खर्च सुमारे २५ लाख येन, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीहून अधिक. इंजिन, सस्पेन्शन आणि आतील भाग धरला तर आकडा त्याच्या जवळपास दुप्पट. सोबतच मूळ धाटणीचा टप, नार्दी या कंपनीचे लाकडी स्टिअरिंग आणि गिअरच्या दांड्यावरची लाकडी मूठ पुन्हा बनवण्यात आली. मला सर्वांत भावलेली गोष्ट टायरची: ब्रिजस्टोनने १९८९ सालच्या एसएफ ३२५ टायरची नक्षी राखून १४ इंची चाकासाठी, १८५/६० मापात तो पुन्हा काढला. आजचे चांगले टायर त्या हलक्या गाडीला गरजेपेक्षा जास्त पकड देतात आणि मग हिराईंनी जुळवलेला तोल हरवतो, ही मालकांची जुनी तक्रार कंपनीने खरी मानली होती.

त्याच २०१७ साली होंडाने आपल्या बीट या ६५६ सीसीच्या चिमुकल्या गाडीचे काही भाग पुन्हा विक्रीला आणले. निस्मोने २०१९ साली आर३३ आणि आर३४ या पुढच्या दोन पिढ्यांनाही सामावून घेतले. टोयोटाने २०२०पासून सुप्रा आणि २०००जीटी या आपल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे, तर नंतर एई८६ या जुन्या गाडीचे भाग बनवायला सुरुवात केली. या याद्यांत इंजिनाचे मोठे भाग आले की बातमी होते. पण गाडी रस्त्यावर ठेवणाऱ्याला त्यांतल्या दाराच्या रबरी पट्ट्या, इंधनाच्या नळ्या आणि विजेच्या वायरिंगचे जोड जास्त मोलाचे वाटतात, कारण लोखंडी ठोकळा कुठल्याही चांगल्या खराद-कारखान्यात दुरुस्त करता येतो. त्या विशिष्ट आकाराची रबरी पट्टी साच्याशिवाय कोणालाच करता येत नाही.