अर्ध्या डॉलरवरचं इंद्रधनुष्य

अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या स्मारक नाण्यांचे फोटो पाहिले की नवखा माणूस हमखास दोन गोष्टी विचारतो. नाणं काळपट असेल तर "हे घासून का ठेवलं नाही?" आणि कडेला सोनेरी, जांभळं, निळं असेल तर "याला रंग कुणी दिला?" दोन्हींचं उत्तर एकाच पातळ थरात आहे. खरं सांगायचं तर नाण्यापेक्षा मला त्या थरातच जास्त रस आहे.

संग्राहक ज्यांना 'क्लासिक' म्हणतात ती नाणी १८९२ ते १९५४ मधली. सुरुवात शिकागोच्या कोलंबियन प्रदर्शनासाठी काढलेल्या अर्ध्या डॉलरने झाली. १८९३ चा इझाबेला पाव डॉलर आणि १९०० सालचा लाफायेट डॉलर वगळता चांदीतली बाकी सगळी नाणी अर्ध्या डॉलरचीच. वजन १२.५ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं.

आता रंगाकडे. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू अगदी नगण्य असतो, पण चांदीला तेवढा पुरतो. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा, म्हणजे चांदी आणि गंधकाच्या संयुगाचा, थर साचत जातो. त्यावर प्रकाश पडला की थोडा थराच्या वरच्या बाजूनेच परततो. उरलेला आत शिरतो, खालच्या चांदीवर आपटून मागे येतो. या दुसऱ्या लाटेला थोडा जास्त प्रवास पडतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की तो रंग मावळतो. थर अगदी पातळ असताना आखूड लहरींचा निळा-जांभळा मावळतो, म्हणून नाणं सोनेरी दिसतं. थर वाढला की हिरवा जातो आणि किरमिजी उरतो. आणखी वाढला की तांबडा-पिवळा जातो, निळा उरतो. (धातूवरून परतताना लाट स्वतःही थोडी सरकते, त्यामुळे नेमकी जाडी काढायची तर गणित किचकट होतं. ते सोडून देऊ.) थराची जाडी काही दशक नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). रंगद्रव्य कुठेच नाही. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, तोच प्रकार.

म्हणजे नाण्यावरचे रंग ही जाडीची पट्टी झाली. १९३० च्या दशकात ही नाणी बरेचदा पुठ्ठ्याच्या धारकांतून पोस्टाने जायची. त्या पुठ्ठ्यातच गंधक असे. उघड्या भागावर थर वाढला आणि नाणं धरून ठेवणाऱ्या पट्टीखालचा भाग वेगळाच राहिला. आजही काही नाण्यांवर त्या पट्टीची सावली दिसते.

रंगीत नाण्यांना जास्त भाव मिळतो म्हटल्यावर गंधक आणि उष्णता वापरून घरी इंद्रधनुष्य पिकवणारे निघालेच. त्यांना पकडायला रंगांचा क्रम उपयोगी पडतो. पांढऱ्या चांदीला लागून मध्ये सोनेरी न येता थेट निळा आला, तर शंका घ्यावी. 'दुर्मिळ निसर्गचमत्कार' अशी जाहिरात असेल तर जास्तच. 

राहिला घासण्याचा प्रश्न. हा थर बाहेरून बसलेली धूळ नव्हे, त्यात नाण्याचीच चांदी आहे. ४० नॅनोमीटरच्या थरात सुमारे २४ नॅनोमीटर चांदी खर्ची पडते. दोन्ही बाजू धरल्या तर अर्ध्या डॉलरमागे मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तराजूला कळणारही नाही. डोळ्याला मात्र कळतं. ठसा बसताना धातू बाहेरच्या दिशेने वाहतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली कलतं केलं की गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे गोल फिरतात, ते या रेषांमुळे. आम्लाच्या द्रावणात नाणं बुडवलं की सल्फाइडबरोबर रेषांचे माथेही विरघळतात. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याचा सोडा वापरला तर गंधक निघतं, चांदी परतते, पण रेषांच्या घडीत नाही. खडबडीत कणांच्या रूपात. मग नाणं पांढरं होतं खरं, पण कितीही कलतं करा, चाक फिरत नाही.