पाचवं पार्टिशन का होत नव्हतं?

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला इंजिनिअरिंगची मुलं भरपूर. वालचंद महाविद्यालयात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गटही आहे. विंडोजशेजारी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकणं इथं नवलाचं नाही. गाडी अडायची ती पार्टिशनपाशी, म्हणजे डिस्कचे स्वतंत्र भाग पाडण्यापाशी, आणि त्याचं मूळ थेट १९८३ सालात सापडतं.

त्या वर्षी आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला, सोबत डॉस २.० ही ऑपरेटिंग सिस्टिम. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतच, म्हणजे एमबीआरमध्ये, संगणक सुरू करणारा (बूट) प्रोग्राम आणि पार्टिशनची यादी दोन्ही बसवायचं होतं. यादीला मिळाले ६४ बाइट, एका नोंदीला लागतात १६. म्हणून पार्टिशनं चारच! १० एमबीला चार म्हणजे चैनच होती. पुढे १९८७ मध्ये डॉस ३.३ ने पळवाट काढली: एक नोंद एक्स्टेंडेड करायची आणि तिच्या पोटात लॉजिकल पार्टिशनं करायची.

लॅपटॉप कंपन्यांनी मात्र चारही जागा आधीच भरून ठेवल्या. विंडोज ७ च्या काळातल्या कित्येक लॅपटॉपांत १०० एमबीचं सिस्टिम रिझर्व्हड, सी, डी आणि रिकव्हरी असा संसार असे. पाचवं करायला गेलं की विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट हे टूल डिस्क डायनॅमिक, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या वेगळ्या मांडणीची, करायची परवानगी मागे. खरा घात इथंच व्हायचा. ‘येस’ दाबलं की विंडोज सुखात, पण उबुंटूच्या इन्स्टॉलरला आतलं धड काही दिसत नसे. सरळ मार्ग कंटाळवाणा होता: डी वरचा डेटा बाहेर काढा, डी उडवा, तिथं एक्स्टेंडेड करा.

एमबीआरची दुसरी मर्यादा २ टीबीची. इंटेलने आपल्या इटेनियम प्रोसेसरसाठी ईएफआय आणलं, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या जुन्या बायोसचा पर्याय; त्यासोबत जीपीटी ही पार्टिशनच्या यादीची नवी पद्धत आली आणि दोन्ही प्रश्न मिटले. त्यात साधारण १२८ पार्टिशनं मावतात. २०१२ च्या विंडोज ८ पासून नव्या लॅपटॉपांत तेच रुळलं.

आता घोळ वेगळा. विंडोज यूईएफआयमध्ये (ईएफआयची पुढची आवृत्ती) असताना उबुंटूचा पेनड्राइव्ह लेगसी मोडमध्ये, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीनं, सुरू झाला, तर उबुंटू बसतं, पण सुरू करताना दोघांचा एक मेनू मिळत नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंदच होत नाही, मग लिनक्स सी ड्राइव्हवर लिहायला नकार देतं. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर पार्टिशनला दोष देण्याआधी बायोसच्या सेटिंगमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी मोडवर (डिस्क हाताळायची इंटेलची खास पद्धत) आहे का ते बघावं.