वीरधवल खाडे आणि ती तहसीलदारकी: थोडी पार्श्वभूमी

महाराष्ट्रातला कुणी खेळाडू आंतरराष्ट्रीय मेडल घेऊन आला की दोन दिवसांत त्याला मोठ्या पदाची सरकारी नोकरी द्या ही मागणी सुरू होते, आणि त्या चर्चेत कुणीतरी स्विमर वीरधवल खाडेचं नाव काढतंच. एक गट म्हणतो सरकारने पोराला तहसीलदार केलं, अजून काय करायचं, दुसरा गट म्हणतो त्याच नोकरीने त्याचं करिअर संपवलं. माझ्या मते दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. तेव्हा नक्की काय घडलं होतं ते एकदा नीट मांडून ठेवतो.

मागचा इतिहास फार लांबवत नाही. १९५१ च्या दिल्ली एशियाडमध्ये सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड जिंकलं, १९८६ ला सोलमध्ये खजान सिंगने २०० मीटर बटरफ्लायचं सिल्व्हर आणलं, आणि त्यानंतर एशियन गेम्सच्या तलावातून आपल्या हाताला काहीच लागलं नाही. मधल्या सगळ्या एशियाडला आपली टीम जायची आणि रिकाम्या हाताने यायची.

वीरधवल कोल्हापूरचा, जन्म ऑगस्ट १९९१. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आणि फुटबॉल आठवतो, पण पोहणं तिथे घरोघरी आहे, विहिरीत नाहीतर पंचगंगेत पोरं आपोआप शिकतात. पण विहिरीत पोहणं आणि टाचणीएवढ्या फरकाने रेस जिंकणं यात खूप अंतर आहे, त्यासाठी त्याला बंगळुरूला जावं लागलं, कोच निहार अमीन यांच्याकडे. २००७ च्या गुवाहाटी नॅशनल गेम्समध्ये तो पहिल्यांदा देशभर गाजला, तेव्हा वय पंधरा. पुढच्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिक, तिथे ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल अशा तीन इव्हेंटमध्ये उतरला. सोळा वर्षांचा मुलगा हीट्सच्या, म्हणजे प्राथमिक फेरीच्या, पुढे जाईल अशी अपेक्षा नव्हतीच आणि तो गेलाही नाही, पण १०० मीटरला ५० सेकंदांच्या अगदी जवळ पोचला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात बालेवाडीला कॉमनवेल्थ यूथ गेम्स झाल्या, तिथे घरच्या लोकांसमोर त्याने गोल्ड घेतली, आणि त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या ज्या लोकांना पोहण्यातलं काही कळत नव्हतं त्यांनाही हे नाव पाठ झालं.

२००९ ला एशियन एज ग्रुप स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल २२.५२ सेकंदात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ते साल पॉलियुरेथेनच्या चकचकीत सूटचं होतं, त्या सूटमुळे वेग वाढायचा म्हणून जगभर रेकॉर्ड पडत होते, आणि १ जानेवारी २०१० पासून ते सूट बंद झाले.

मग नोव्हेंबर २०१०, ग्वांगझू. ५० मीटर बटरफ्लाय, वेळ २४.३१, ब्राँझ. पुढे दोन्ही चिनी. चोवीस वर्षांनी एशियाडमध्ये पोहण्याचं मेडल आणि आणणारा एकोणीस वर्षांचा. पण एक गोष्ट तेव्हाच्या बातम्यांत फारशी आली नाही, ५० मीटर बटरफ्लाय हा इव्हेंट ऑलिम्पिकमध्ये नव्हता. ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर फक्त फ्रीस्टाइलचं, तेही १९८८ पासून. म्हणजे ज्या इव्हेंटमध्ये तो आशियात तिसरा होता तो त्याला ऑलिम्पिकला नेऊ शकत नव्हता, त्यासाठी फ्रीस्टाइलमध्येच वेळ खाली आणायची होती, आणि ते काम पुढच्या चार-पाच वर्षांचं होतं.

आणि इथेच ती नोकरी आली.

मेडलनंतर राज्य सरकारने त्याला थेट तहसीलदारपद दिलं. आज मागे बघून लोक म्हणतात की घ्यायलाच नको होतं. पण २०१० सालचं चित्र डोळ्यांसमोर आणा. ऑलिम्पिकच्या तयारीतल्या खेळाडूंना पैसे देणारी केंद्राची टॉप्स योजना २०१४ ला आली, खेलो इंडिया त्याच्याही नंतर. स्विमरला महिन्याला ठरावीक पैसे मिळतील, परदेशात ट्रेनिंगचा खर्च कुणी उचलेल अशी खात्रीची सोय तेव्हा नव्हती, स्पॉन्सर क्रिकेट सोडून दुसरीकडे बघायलाही तयार नसायचे. स्विमरचं करिअर पंचविशी-तिशीत संपतं, खांदा गेला तर त्याच्याही आधी संपतं. अशा वेळी मराठी मध्यमवर्गीय घरातल्या मुलासमोर तहसीलदारकी ठेवली, जिच्यासाठी हजारो मुलं एमपीएससीच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसतात, तर तो नाही म्हणेल का? मी तरी त्याला दोष देणार नाही, आणि देऊ करणाऱ्यांच्या हेतूवरही मला शंका नाही, कौतुक म्हणूनच दिली होती.

गडबड नोकरी देण्यात नव्हती, नोकरी कसली दिली त्यात होती. तहसीलदार हे पद काय असतं हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. फेरफाराच्या तक्रारी, वाळूच्या गाड्या, दाखले, मोजणीची भांडणं, निवडणूक लागली की रात्रंदिवस तेच, पाऊस जास्त झाला की पंचनामे, वरून फोन आला की बैठक. शिवाय कार्यकारी दंडाधिकारी म्हणून कायदा-सुव्यवस्थेची जबाबदारी. वीरधवलची नेमणूक मालवणलाही होती, म्हणजे सिंधुदुर्गात. लोक म्हणतात समुद्र होता की समोर, पण समुद्राचा स्प्रिंटरला, म्हणजे कमी अंतराच्या स्विमरला, काडीचा उपयोग नाही. त्याला ५० मीटरचा तलाव लागतो, स्टार्टिंग ब्लॉक लागतो, घड्याळ घेऊन उभा असलेला कोच लागतो आणि शेजारच्या लेनमध्ये आपल्याइतकाच वेगवान दुसरा स्विमर लागतो.

५० मीटर म्हणजे बावीस-तेवीस सेकंदांचा खेळ. ब्लॉकवरून सुटताना किती वेळ गेला, पाण्यात कोणत्या कोनात शिरलात, पाण्याखाली किती लांब गेलात (पंधरा मीटरच्या आत डोकं वर यावंच लागतं), मधे श्वास एकदा घेतला की घेतलाच नाही, सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. हे रोज सकाळ-संध्याकाळ घोटायचं काम आहे. स्विमर लोक पाण्याचा फील म्हणतात तो चार-आठ दिवस पाण्याबाहेर राहिलं तरी जातो आणि परत यायला त्याहून जास्त दिवस घेतो. ऑफिस सुटल्यावर तासभर पोहून तब्येत चांगली राहील, आशियातलं मेडल येणार नाही.

सरकारी नियमांत स्पर्धेला किंवा कॅम्पला जायला रजा मिळू शकते, पण इथे प्रश्न स्पर्धेच्या आठ दिवसांचा नव्हताच, वर्षातल्या तीनशे दिवसांचा होता. आणि महसूल खात्याची बाजूही ऐकायला हवी, कारण ती खरी आहे. तहसीलदार वर्षभर बंगळुरूला ट्रेनिंगला असेल तर तालुक्यातल्या लोकांची कामं कोण करणार? चार्ज शेजारच्या तालुक्याच्या तहसीलदाराला द्यायचा आणि शेतकऱ्याने हेलपाटे घालायचे, हे काही बरोबर नाही. त्यामुळे त्याला मोकळं सोडलं नाही म्हणून एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला खलनायक ठरवणं मला पटत नाही. ज्या पदावर माणूस रोज हजर लागतो त्या पदावर रोज तलावात हजर लागणारा माणूस बसवला, चूक तिथे झाली, आणि ती मुंबईत निर्णय घेतानाच दिसायला हवी होती. खेळाडूला क्रीडा खात्यात ठेवता आलं असतं, किंवा पद कागदावर देऊन नियुक्ती ठरावीक वर्षं पुढे ढकलता आली असती, सेवाज्येष्ठता राखून. त्या वेळी असा विचार झाल्याचं कुठे दिसत नाही.

रेल्वे आणि सैन्यदल हे वेगळ्या पद्धतीने करतात. कोल्हापूर जिल्ह्यातलाच स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत, पद टीसीचं, तहसीलदारापुढे छोटंच, पण त्या नोकरीत शूटिंग चालू राहिलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ आलं, मोठं पद त्याला मेडलनंतर मिळालं. पोहण्यातलंच उदाहरण हवं असेल तर साजन प्रकाश केरळ पोलिसात होता पण ट्रेनिंग दुबईत करत होता, आणि जून २०२१ ला रोममध्ये २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये मारून ऑलिम्पिकची ए क्वालिफिकेशन वेळ, म्हणजे थेट प्रवेश देणारी वेळ, गाठणारा पहिला भारतीय स्विमर ठरला. पदापेक्षा वेळ महत्त्वाचा, एवढंच या दोन उदाहरणांतून दिसतं.

इकडे वीरधवलचं काय झालं? २०१२ ला लंडन, नाही. २०१४ ला इंचॉन एशियाड, नाही. (तिथे ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं ब्राँझ संदीप सेजवालने आणलं, तोही बंगळुरूत निहार अमीन यांच्याच हाताखाली ट्रेनिंग घेतलेला.) २०१६ ला रिओ, नाही. विशीतल्या पहिल्या सहा-सात वर्षांत एकही ऑलिम्पिक नाही आणि एकही एशियाड नाही. स्प्रिंटरच्या अंगात ताकद भरायची नेमकी हीच वर्षं असतात. २०११ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, तो कपाटात आला आणि माणूस तलावाबाहेर गेला.

तरीही तो परत आला, आणि या गोष्टीचं कौतुक आपल्याकडे झालंच नाही असं मला मनापासून वाटतं. सत्तावीस पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिलेला, मधली वर्षं वाया गेलेला माणूस २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये २२.४३ मारतो, नॅशनल रेकॉर्ड. आता तो २००९ चा आकडा आठवा, २२.५२. तेव्हा ते पुढे बंदी आलेले सूट चालत होते आणि वय सतरा-अठरा, आता साधा कापडी सूट आणि मधे एवढा मोठा खंड, आणि तरी वेळ आधीपेक्षा चांगली. नऊ वर्षांत फक्त नऊ शतांश सेकंद सुधारणा असं कुणी म्हणू शकतं, पण मला त्यात उलटं दिसतं, की जो माणूस तुटपुंज्या तयारीने इथवर आला तो सलग नऊ वर्षं पाण्यात असता तर कुठे असता. याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही, मलाही नाही, पण २२ च्या खाली गेला असता असं मला वाटतं.

फायनलला २२.४७. तिसऱ्या आलेल्या जपानी स्विमरची वेळ २२.४६. सेकंदाचा शंभरावा भाग, त्या वेगाने हिशोब केला तर साधारण सव्वादोन सेंटिमीटर, बोटाचं एखादं पेर. हीटची स्वतःची वेळ परत मारली असती तर ब्राँझ त्याचंच होतं. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी 'मेडल थोडक्यात हुकलं' एवढ्या एका ओळीत बातमी संपली.

नंतर टोकियोसाठी ए क्वालिफिकेशन वेळ होती २२.०१, ती गाठायची धडपड सुरू होती आणि तेवढ्यात कोविड. जून २०२० मध्ये इतर खेळांची ट्रेनिंग हळूहळू सुरू झाली पण तलाव बंदच, तेव्हा त्याने जाहीरपणे लिहिलं की आता स्पर्धात्मक पोहण्यातून निवृत्तीचा विचार करावा लागेल. ज्याची मधली वर्षं आधीच गेलीत त्याला अजून सहा महिने पाण्याबाहेर काढणं म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे. टोकियोला साजन प्रकाश, श्रीहरी नटराज आणि माना पटेल गेले, वीरधवल नाही. त्याच्या नावावर ऑलिम्पिक एकच राहिलं, सोळाव्या वर्षीचं.

शेवट गोव्यात झाला, २०२३ च्या नॅशनल गेम्समध्ये. महाराष्ट्राकडून ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड, वय बत्तीस, आणि महिलांच्या त्याच इव्हेंटचं गोल्ड त्याच्या बायकोचं, ऋजुता खाडेचं. तिथेच त्याने थांबायचं जाहीर केलं.

दरम्यान खेळाडूंना थेट नोकरी देण्याचं धोरण राज्यात चालूच आहे, धावपटू उपजिल्हाधिकारी झाली, पैलवान डीवायएसपी झाले, आणि प्रत्येक वेळी चर्चा होते ती पद केवढं यावर. ट्रेनिंगसाठी किती वर्षं मोकळी आणि ती लेखी कुठे दिलीत हा प्रश्न नेमणुकीच्या दिवशी कुणी विचारताना दिसत नाही, ना मीडिया, ना फेडरेशन, ना आपण. आणि तिकडे एप्रिल २०२५ मध्ये ठरलं की लॉस एंजेलिस २०२८ पासून बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायच्या ५० मीटर शर्यतीही ऑलिम्पिकमध्ये येणार, म्हणजे ज्या इव्हेंटमध्ये ग्वांगझूला ब्राँझ आलं होतं तो आता ऑलिम्पिक इव्हेंट आहे, वीरधवल थांबल्यानंतर साधारण दीड वर्षाने झालेला.